कीबोर्डाचं मागचं दार

फोन लोगोवर अडकला की आपण तो दुरुस्तीच्या दुकानात नेतो. दुकानदार दोन बटणं एकदम दाबून धरतो, केबल जोडतो आणि म्हणतो, "सॉफ्टवेअर मारावं लागेल." कुणी म्हणतं, "फ्लॅश मारतो." थोड्या वेळाने फोन जिवंत होतो, आपण पैसे देतो आणि निघतो. पण मधल्या त्या वेळात एक विचित्र गोष्ट घडलेली असते. फोनची सगळी अक्कल पुसलेली असताना नवी अक्कल आत कुणी घेतली? आत कुणीतरी जागं असल्याशिवाय हे होणार कसं?

त्या जागं राहणाऱ्याचं नाव बूटलोडर. त्याचा इतिहास मी फोनवरून सांगणार नाही, कीबोर्डावरून सांगणार आहे. एक तर हातानं जुळवलेल्या मेकॅनिकल कीबोर्डांत हे यंत्र इतकं लहान असतं की ते पूर्ण समजून घेता येतं. आणि दुसरं म्हणजे, विकत घेतलेल्या वस्तूच्या आत काय लिहिलंय ते बदलायचा हक्क कुणाचा, हा प्रश्न कीबोर्डवाल्यांनी गेल्या पंधराएक वर्षांत प्रत्यक्ष सोल्डरिंग करून सोडवला आहे.

आत कोरलेलं

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला. त्याच्या ८३ कळांच्या कीबोर्डात इंटेलची ८०४८ ही चिप होती. म्हणजे संगणकाला जोडलेला कीबोर्ड हाही एक संगणकच होता, फक्त अगदी छोटा: सूचना ठेवायला १ किलोबाइट आणि तात्पुरती आकडेमोड करायला ६४ बाइट.

एवढ्या जागेत तो काय करायचा? आजचे कीबोर्ड करतात साधारण तेच. प्रत्येक कळेला वेगळी तार दिली तर तारांचं जंगल होईल, म्हणून कळा आडव्या-उभ्या ओळींच्या जाळीत मांडतात. चिप एकेक आडवी ओळ चाळवते आणि कुठल्या उभ्या ओळीत खूण उमटली ते बघते. सेकंदाला शेकडो वेळा हा फेरा चालतो. कळ सापडली की चिप संगणकाला एक आकडा पाठवते.

नीट लक्षात घ्या, आकडा पाठवते, अक्षर नाही. यूएसबीच्या ठरलेल्या तक्त्यात ए म्हणजे ४, बी म्हणजे ५, असं मोजत गेलं की के येतो १४ वर. त्या तक्त्यात 'क' नाही. तुम्ही मराठीत 'क' टाइप करता तेव्हा कीबोर्डाने फक्त १४ म्हटलेलं असतं. त्याचा 'क' करायचा की 'के', हे पलीकडचा संगणक ठरवतो. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

कीबोर्डाच्या आतल्या या सूचनांना फर्मवेअर म्हणतात. हा शब्द अ‍ॅशर ऑपलर यांनी १९६७ मध्ये 'डेटामेशन' या नियतकालिकात वापरला. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्या मधलं काहीतरी, असा त्याचा भाव. ८०४८ मधलं फर्मवेअर मात्र हार्डवेअरच्याच बाजूला झुकलेलं होतं. त्याला मास्क रॉम म्हणतात. चिप कारखान्यात घडतानाच तिच्या थरांत सूचना कोरल्या जायच्या, शिलालेखासारख्या. तुम्हाला कॅप्सलॉक नको असेल, कळांच्या जागा बदलायच्या असतील, तर कीबोर्डाच्या आत काही करता येत नव्हतं. दगडावर खोडरबर चालत नाही.

उन्हात वाळवायची चिप, मग फ्लॅश

पुसता येणारी स्मृती तोवर आलेली होती. १९७१ मध्ये इंटेलमध्ये डॉव्ह फ्रोमन यांनी ईपीरॉम बनवली. त्या चिपच्या पाठीवर क्वार्ट्झची छोटी खिडकी असायची. चिप अतिनील दिव्याखाली वीसेक मिनिटं ठेवली की आतलं सगळं पुसलं जायचं आणि पुन्हा लिहिता यायचं. उजेडाने चुकून पुसलं जाऊ नये म्हणून खिडकीवर स्टिकर चिकटवायचे. प्रयोगशाळेत हे ठीक होतं. घरी बसलेल्या माणसाने कीबोर्ड उघडून, चिप उपटून, दिव्याखाली ठेवावी, ही अपेक्षा फारच झाली.

मग १९८४ मध्ये तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी विजेनेच एकदम पुसता येणारी नवी स्मृती जगापुढे मांडली. ती पुसली जायची तो झटका त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा वाटला आणि तेच नाव पडलं. त्यामुळे लग्नातला फोटोग्राफर जो फ्लॅश मारतो आणि मोबाईलवाला जो मारतो, ते शब्द खरोखरच सख्खे आहेत.

फ्लॅश स्मृती छोट्या चिपच्या पोटात पोचायला आणखी काही वर्षं लागली. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममध्ये आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांनी एका मायक्रोकंट्रोलरची रचना केली. अ‍ॅटमेल कंपनीने १९९७ च्या सुमारास ती एव्हीआर या नावाने बाजारात आणली. सूचनांसाठी आतच फ्लॅश असलेल्या सुरुवातीच्या चिपकुळांपैकी हे एक. यूएसबी १९९६ मध्ये आलेलं होतंच. आता सामान तयार होतं, पण जुनं कोडं उरलं होतं.

स्वतःला उचलणं

कोडं असं. चिपमध्ये नवा कार्यक्रम लिहायचा तर लिहिणारा कार्यक्रम आधी चिपमध्ये हवा. तो आला कुठून? इंग्रजीत आपल्याच बुटाच्या नाड्या ओढून स्वतःला उचलण्याची एक जुनी चेष्टा आहे, 'बूट' हा शब्द तिथून आला. १९५० च्या दशकात आयबीएमच्या ७०१ या संगणकावर 'लोड' नावाचं बटण होतं. ते दाबलं की यंत्र बाहेरून फक्त पहिला शब्द आत घ्यायचं. त्यातल्या सूचना पुढचं थोडं वाचायच्या, ते आणखी पुढचं वाचायचं, आणि असं करत सगळा कार्यक्रम आत यायचा.

कीबोर्डाच्या चिपमध्ये हेच काम बूटलोडर करतो. फ्लॅशच्या एका कोपऱ्यात तो बसलेला असतो. चिप चालू झाली की तो बघतो: कुणी नवं लिहायला आलंय का? आलं नसेल तर नेहमीच्या फर्मवेअरच्या हाती कारभार देऊन बाजूला होतो. आलं असेल तर उरलेली सगळी जागा पुसून नवं लिहून घेतो. स्वतःला मात्र पुसत नाही. एव्हीआरच्या मोठ्या चिपांमध्ये हा नियम चिपमध्येच घातलेला आहे. फ्लॅशवर लिहिणारी सूचना फक्त बूटलोडरच्या हद्दीतूनच चालते, आणि त्या हद्दीला वेगळी कुलपं लावता येतात.

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. नुसती पुसता येणारी स्मृती आली म्हणून माणूस मोकळा झाला नाही. थोडासा भाग कुणीही न पुसण्याजोगा राखून ठेवला, तेव्हा बाकीचं निर्धास्त बदलता यायला लागलं.

छांदिष्टांची दुनिया

२०१० च्या दशकात मेकॅनिकल कीबोर्डांचं वेड पसरलं. लोक आयबीएमचे जुने, स्प्रिंगवाले मॉडेल एम अडगळीतून काढायला लागले आणि ते यूएसबीवर चालावेत म्हणून मधे बसवायचे रूपांतरक बनवायला लागले. हासू या टोपणनावाच्या जपानी प्रोग्रामरने यासाठी टीएमके हे फर्मवेअर लिहिलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. त्यातून जॅक हंबर्ट यांनी क्यूएमके ही शाखा काढली. त्यांचा प्लँक हा कीबोर्ड ४ ओळी आणि १२ स्तंभांचा होता. इतक्या थोड्या कळांत काम भागवायचं तर एकाच कळेला अनेक अर्थ हवेत. एक कळ दाबून धरली की बाकीच्या कळांचा सगळा थर बदलतो, हे तिथे रोजचं झालं. पुढे जगभरच्या लोकांनी क्यूएमकेमध्ये भर घातली.

मी यात शिरले ती माझ्या मावशीमुळे. तिने उभी हयात एका छापखान्यात मराठी मजकूर जुळवला. निवृत्तीनंतर ती एका वाचनालयाच्या जुन्या पुस्तकांची यादी त्यांच्याच संगणकावर टाइप करते. तिची बोटं इनस्क्रिप्टवर चालतात, म्हणजे केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ठरवलेल्या मांडणीवर. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं. के वर 'क', आणि शिफ्ट धरून 'ख'. ग-घ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ, सगळ्या जोड्या तशाच. दोन वर्षांपूर्वी ती जिन्यावरून पडली आणि तिच्या दोन्ही करंगळ्या ताठ झाल्या. शिफ्ट करंगळीनं धरायची असते. एका 'भाषाशास्त्र'मध्ये किती वेळा शिफ्ट लागते, मोजून बघा.

विंडोजमध्ये यावर सोय आहे, पण वाचनालयाच्या संगणकात काही बदलायची परवानगी नव्हती. तेव्हा नियम संगणकात नाही, कीबोर्डात घालायचा, असं ठरवलं. क्यूएमकेमध्ये ऑटो शिफ्ट नावाची सोय आहे. कळ पटकन दाबून सोडली तर साधा आकडा जातो. १७५ मिलिसेकंदांहून जास्त दाबून ठेवली तर कीबोर्ड स्वतःच सोबत शिफ्ट जोडतो. संगणकाला यातलं काही कळत नाही, त्याच्यापर्यंत नेहमीचेच आकडे पोचतात.

"मावशी, 'क' जरा लांबव, 'ख' येईल," मी म्हटलं.

तिने दाबून बघितलं. "अगं, हे तर बरोबरच आहे. महाप्राण म्हणजे तरी काय, जास्तीचा श्वासच ना."

ऑटो शिफ्ट लिहिणाऱ्यांच्या डोक्यात महाप्राण व्यंजनं नसणार. पण दार उघडं होतं म्हणून ती सोय इथवर आली. पुढे मी 'ऱ्या'साठीही एक कळ केली. इनस्क्रिप्टमध्ये त्यासाठी शिफ्टसह जे, मग डी, मग तिरकी रेघ आणि शेवटी ई, अशा चार कळा लागतात. आता एकच कळ ते चारही आकडे ओळीने पाठवते. 'पुऱ्या', 'दऱ्या', 'कादंबऱ्या' सुखाने टाइप होतात.

पाच-सहा तऱ्हांचे द्वारपाल

मावशीचा कीबोर्ड दोन तुकड्यांचा, कॉर्ने जातीचा, ४२ कळांचा. प्रत्येक तुकड्यात प्रो मायक्रो नावाची बोटभर पट्टी बसते. पुण्यात तपकीर गल्लीत एका पाकिटात दोन पट्ट्या मिळाल्या, दिसायला जुळ्या. पण संगणकाला जोडल्यावर दोघींनी वेगवेगळी नावं सांगितली. चिप एकच होती, एटीमेगा ३२यू४, पण आतले बूटलोडर दोन. तेव्हा मी या द्वारपालांची ओळख करून घेतली. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी आहे.

कॅटरिना हा आर्डुइनो लिओनार्डोबरोबर आलेला. डीन कॅमेरा या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरच्या खुल्या यूएसबी लायब्ररीवर तो उभा आहे. प्रो मायक्रोवर रीसेटचं बटणही नसतं. दोन भोकांना चिमट्याने दोनदा टोचायचं, की तो ८ सेकंद जागा राहतो. तेवढ्यात काम झालं नाही तर पुन्हा टोचा. त्याला संगणकावरून जागं करायची खूणही मजेशीर आहे: १२०० बॉड या मोडेमच्या जुन्या काळातल्या संथ वेगाने जोडणी उघडून बंद करायची. आज त्या वेगाने सहसा कुणी बोलत नाही, म्हणूनच ती दारावरची ठरलेली टकटक.

अ‍ॅटमेलचा स्वतःचा डीएफयू कारखान्यातूनच चिपमध्ये भरून येतो. यूएसबीच्या अधिकृत पद्धतीवर तो बेतलेला आहे. त्याला घाई नाही, एकदा जागा झाला की सांगेपर्यंत थांबून राहतो. जागा मात्र ४ किलोबाइट घेतो. ३२ किलोबाइटच्या चिपमध्ये आपल्यासाठी २८,६७२ बाइट उरतात. दिवे, थर, छोटा पडदा, सगळं हवं असेल तर हा आकडा लवकरच पाठ होतो.

टीन्सी पट्टीवरचा हाफके नावाप्रमाणेच अर्ध्या किलोबाइटचा, ५१२ बाइटचा. एवढ्या जागेत यूएसबीवर बोलणारा द्वारपाल बसवणं म्हणजे तांदळाच्या दाण्यावर नाव लिहिण्याचा प्रकार.

बूटलोडएचआयडी हा गरिबीतून आलेला उपाय. एटीमेगा ३२ए या स्वस्त चिपमध्ये यूएसबीचा भागच नसतो. ऑस्ट्रियातल्या ऑब्जेक्टिव्ह डेव्हलपमेंट या कंपनीने व्ही-यूएसबी नावाचा कार्यक्रम लिहिला. तो साध्या दोन पिना अचूक वेळेला वरखाली करून यूएसबीची नक्कल करतो. कोरियातल्या काही कीबोर्डांनी हाच मार्ग घेतला.

नंतर एआरएम चिपा आल्या. एसटीएम३२ मालिकेत बूटलोडर चिप बनवणारेच कायमच्या स्मृतीत घालून देतात. एक पिन विशिष्ट स्थितीत ठेवून चिप चालू केली की तो उठतो. एफ१०३ या लोकप्रिय प्रकारात मात्र त्या द्वारपालाला यूएसबी येत नाही, फक्त सीरियल येतं. मग लोकांनी त्याच्यावर दुसरा द्वारपाल नेमला, एसटीएम३२ड्युइनो.

बूटलोडरच पुसला गेला तर? आपल्याकडे म्हणतात 'फोनची वीट झाली', तशी कीबोर्डाचीही होते. एव्हीआरमध्ये त्यावरही उपाय आहे. चिपच्या सहा पिनांना, म्हणजे वीज, जमीन, रीसेट आणि माहितीच्या तीन तारांना, दुसरी एखादी आर्डुइनो पट्टी जोडायची आणि बूटलोडर बाहेरून पुन्हा लिहायचा. मी मावशीच्या दोन्ही पट्ट्यांवर याच रीतीने एकच बूटलोडर घातला. एक यंत्र दुसऱ्याला हात धरून उठवतं, हे बघायला छान वाटतं.

कोरलेलं परत येतं

जानेवारी २०२१ मध्ये ४ डॉलरची रास्पबेरी पाय पिको आली, आरपी२०४० ही चिप घेऊन. तिच्यावरचं बटण दाबून धरून केबल लावली की संगणकावर पेन ड्राइव्ह उघडतो. त्यात फाइल ओढून टाकायची. ड्राइव्ह गायब होतो आणि कीबोर्ड चालू होतो. खरं म्हणजे तिथे कुठलाही ड्राइव्ह नसतो, चिप तसं सोंग घेते. फाइलही खास घडणीची, यूएफ२ नावाची, मायक्रोसॉफ्टमध्ये जन्मलेली. तिचा प्रत्येक ५१२ बाइटचा तुकडा आपला पत्ता स्वतः घेऊन येतो, त्यामुळे तुकडे उलटसुलट पोचले तरी चालतं. आठ सेकंदांची धावपळ नाही, वेगळं साधन बसवायला नको.

आणि हा द्वारपाल राहतो कुठे? १६ किलोबाइटच्या मास्क रॉममध्ये, चिप घडतानाच कोरलेला. १९८१ मध्ये ज्या प्रकारच्या स्मृतीने कीबोर्ड बंद करून टाकला होता, तीच स्मृती ४० वर्षांनी तो उघडा ठेवायला वापरली गेली. तुम्ही फ्लॅशमध्ये काहीही कचरा भरा, बटण दाबलं की चिप नव्याने ऐकायला तयार. त्या रॉमचा मूळ कोडही सगळ्यांना वाचायला खुला आहे.

म्हणजे दोष कोरण्याचा नव्हता. काय कोरलंय, यावर सगळं अवलंबून होतं.

दुसऱ्या बाजूचं खरं

उघड्या दारातून चोरही येतो. २००९ मध्ये के. चेन या संशोधकाने ब्लॅक हॅट परिषदेत अ‍ॅपलच्या कीबोर्डाचं फर्मवेअर बदलून दाखवलं. त्यातली ८ किलोबाइट फ्लॅश आणि २५६ बाइट स्मृती माणसाच्या टाइप केलेल्या कळा टिपून ठेवायला पुरेशी होती. २०१४ मध्ये कार्स्टेन नोल आणि याकोब लेल यांनी त्याच व्यासपीठावर बॅडयूएसबी मांडलं. पेन ड्राइव्हचं फर्मवेअर बदललं की तो कीबोर्ड असल्याचं सोंग घेऊन संगणकाला आज्ञा देऊ शकतो. ही भीती खोटी नाही.

फोन कंपन्यांनी याला दिलेलं उत्तर म्हणजे कुलूप. फोनच्या चिपमध्येही न पुसता येणारा बूटरॉम असतो, पण त्यात कंपनीची किल्ली कोरलेली असते. कंपनीची सही नसलेलं काही तो पुढे जाऊच देत नाही. काही अँड्रॉइड कंपन्या कुलूप उघडू देतात, मात्र आधी तुमचा सगळा डेटा पुसून. काही उघडूच देत नाहीत. आयफोनमध्येही डीएफयू नावाची अवस्था आहे, अक्षरं तीच, कीबोर्डातलीच. २०१९ मध्ये आयफोन ४एस ते आयफोन १० पर्यंतच्या बूटरॉममध्ये चेकमेट नावाची फट सापडली. ती बुजवता येईना, कारण जे कोरलं ते कोरलं.

मी कुलपाच्या विरोधात नाही. खिशातल्या फोनमध्ये बँक असते, तो चोरीला गेला तर आतलं सुरक्षित राहिलंच पाहिजे. पण किल्ली एकट्या कंपनीकडे असली की एक दिवस अपडेट थांबतात, आणि चांगला पडदा, चांगली बॅटरी असलेला फोन निरुपयोगी होतो. तिथे सुरक्षेच्या नावाखाली मालकालाही बाहेर ठेवलेलं असतं.

कीबोर्डवाल्यांचं उत्तर साधं आहे: एक बटण. वस्तू ज्याच्या हातात, तो बटण दाबू शकतो. इंटरनेटवरून कुणाला ते दाबता येत नाही. हे उत्तरही पुरेपूर नाही. संगणकावरून जागे होणारे बूटलोडर आहेत, आणि तुमच्या टेबलापाशी कुणी पाच मिनिटं एकटा बसला तर बटण त्यालाही दाबता येतं. बँकेच्या फोनला एवढं पुरणार नाही. पण मालक आणि चोर यांच्यात फरक करायचा प्रयत्न तरी त्यात आहे, आणि मालकाला चोरांच्या रांगेत उभं केलेलं नाही.

मावशीच्या कीबोर्डाची फाइल मी तिला एका पेन ड्राइव्हवर देऊन ठेवली आहे, कळांचा नकाशा छापील कागदावर. उद्या तिचं बोट सुधारलं, किंवा आणखी एखादं दुखायला लागलं, तर नियम पुन्हा लिहिता येतील. ते मीच लिहायला हवेत असंही नाही. वाचनालयात शनिवारी येणाऱ्या एका बारावीच्या मुलाने खालचं बटण बघून विचारलंच, "आजी, हे दाबलं तर काय होतं?"

"दाबून बघ," मावशी म्हणाली. "बिघडलं तर परत लिहू."